ध्वनीतील चित्र आणि चित्रकाव्याचा प्रश्न

मागील शैक्षणिक वर्षात एम. ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थ्याने अंतर्गत मूल्यमापनासाठी आमच्याकडे जे लेखन सादर केले, ते कागदावर नव्हते. स्वतःची एक कविता आणि तिच्या निर्मितिप्रक्रियेविषयी छोटे टिपण, असे त्या प्रकल्पाचे स्वरूप होते. इतरांनी टंकलिखित पाने दिली. याने चाळीस सेकंदांची एक ध्वनिफाईल पेनड्राइव्हवर आणून दिली. विभागातल्या संगणकावर ती लावली तेव्हा आधी नुसती खरखर ऐकू आली, मग शिट्टीसारखा लांबलेला एक बारीक स्वर, आणि त्याच्या खाली मधूनमधून टिचक्या वाजाव्यात तसे आवाज. फाईल बिघडली असावी, असे आम्हां दोघांनाही वाटले. विद्यार्थी काही बोलला नाही. त्याने ऑडॅसिटी हे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर उघडले, तीच फाईल त्यात घेतली आणि स्पेक्ट्रोग्रामचे दृश्य निवडले. पडद्यावर त्याच्या हस्ताक्षरातील चार ओळी उमटल्या. त्याही एकाखाली एक मांडलेल्या नव्हत्या, एकापुढे एक अशा लांबच लांब पसरल्या होत्या.

त्या ओळी त्याने आपल्या वडिलांना उद्देशून लिहिल्या होत्या. त्यांचा मजकूर येथे देण्याचा अधिकार आम्हांला नाही. प्रसंग मात्र त्याच्या संमतीने सांगत आहोत. ‘लिहायचे तर होते, पण सहज कोणाला वाचता येऊ नये असेही वाटत होते,’ एवढे एकच वाक्य त्याने टिपणात मराठीत लिहिले होते. बाकीचे टिपण म्हणजे पायथॉन या संगणकीय भाषेतल्या साठ-सत्तर ओळी होत्या.

या कृतीला गुण कशाचे द्यायचे, या साध्या प्रशासकीय प्रश्नावरून आम्हां दोघांत मतभेद झाला. एकीचे म्हणणे असे की, कविता म्हणजे त्या चार ओळी. बाकी सारा लखोटा, आणि लखोट्याला गुण देता येत नाहीत. दुसऱ्याचे म्हणणे असे की, ती कविता याच रूपात जन्माला आली आहे. रूप बाजूला सारून तिचे मूल्यमापन करणे म्हणजे वृत्त वगळून आर्या तपासण्यासारखे आहे. हा वाद बरेच दिवस चालला. ध्वनीत चित्र लपवण्याचा हा खेळ वरवर पाहता संगणकयुगातला, अगदी अलीकडचा वाटतो. परंतु त्याने उभा केलेला प्रश्न आपल्या काव्यशास्त्राला हजाराहून अधिक वर्षांपासून परिचित आहे, आणि वर्गात आपण कविता कशी शिकवतो याच्याशी त्याचा थेट संबंध आहे, या मतावर आम्ही दोघेही अखेरीस आलो. तेच मत येथे मांडत आहोत.

प्रथम ही क्रिया काय आहे ते पाहू. कोणताही ध्वनी हा अनेक साध्या स्वरांची बेरीज मानता येतो, आणि फ्रेंच गणिती फूरिए याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गणिताच्या साहाय्याने ही बेरीज सुटी करून पाहता येते. स्पेक्ट्रोग्राम म्हणजे त्या सुट्या घटकांचा आलेख. त्यात आडव्या अक्षावर काळ असतो, उभ्या अक्षावर स्वराची उंची म्हणजे कंपनसंख्या असते, आणि एखाद्या क्षणी एखाद्या स्वराचा जोर जितका अधिक, तितका तेथला ठिपका उजळ असतो. हा आलेख उलट दिशेनेही वापरता येतो. एखादे चित्र घ्यावे. त्याच्या प्रत्येक आडव्या ओळीला एकेक कंपनसंख्या नेमून द्यावी: खालच्या ओळीला खर्जातली, वरच्या ओळीला तारसप्तकाच्याही वरची. मग चित्र डावीकडून उजवीकडे वाचत जावे आणि जेथे ठिपका उजळ असेल तेथे तो स्वर तितक्या जोराने वाजवावा. या साऱ्या स्वरांची बेरीज म्हणजे आपला ध्वनी. तो कानाला अर्थहीन वाटतो. पण त्याचा स्पेक्ट्रोग्राम काढला की मूळ चित्र जसेच्या तसे परत दिसते.

आमच्या विद्यार्थ्याची फाईल आम्ही दुसऱ्यांदा ऐकली ती ही माहिती मिळाल्यानंतर, पडद्याकडे पाहत. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. तो लांबलेला बारीक स्वर म्हणजे देवनागरीची शिरोरेषा होती. आडवी रेषा म्हणजे काळ पुढे सरकत असताना न बदलणारी कंपनसंख्या, अर्थात एक अखंड स्वर. शब्द संपला की तो थांबत होता आणि नवा शब्द सुरू झाला की पुन्हा लागत होता. काना ही उभी रेषा. ती सर्व कंपनसंख्या एकाच क्षणी वाजवते, म्हणून तिची टिचकी ऐकू येत होती. वेलांटी शिरोरेषेच्या वर चढून खाली उतरत होती आणि तिच्याबरोबर स्वरही मींड घेतल्यासारखा वर जाऊन परतत होता. ‘ठ’च्या वाटोळ्यात एकाच बिंदूतून दोन स्वर फुटत, एक वर व एक खाली जात आणि पुन्हा एकमेकांना येऊन मिळत. मुलाने रेषा हाताने ओढल्या होत्या, शेवटाकडे त्या किंचित चढल्या होत्या. त्यामुळे ओळीच्या अखेरीस तो स्वरही थोडा चढा लागत होता. हीच कविता त्याने मोडीत लिहिली असती तर हा स्वर शब्दाशब्दाला तुटलाच नसता. कारण मोडीत पानभर आडवी रेघ आधी ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरे लटकवत जायची, शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, अशी रीत होती. लिपी डोळ्यांनी वाचण्यात आमचे आयुष्य गेले. ती कानाला कशी लागेल, हा विचार तोवर कधी मनाला शिवला नव्हता.

हे यंत्र मुळात काही लपवण्यासाठी निघालेले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ते विकसित झाले. त्या कामावर पॉटर, कॉप आणि ग्रीन यांनी लिहिलेला ‘व्हिजिबल स्पीच’ हा ग्रंथ १९४७ साली प्रसिद्ध झाला. बहिऱ्या माणसांना दुसऱ्याचे बोलणे डोळ्यांनी वाचता यावे, ही त्यामागची एक मोठी आकांक्षा होती. त्याच सुमारास हॅस्किन्स प्रयोगशाळेत याची उलट क्रियाही सिद्ध झाली. तेथे संशोधक पारदर्शक पट्टीवर रंगाने आकृती काढत आणि यंत्र ती आकृती वाजवून दाखवत असे. उच्चाराच्या मूळ आलेखातल्या पुष्कळ रेषा गाळून, केवळ चार-दोन पट्टे रंगवले तरी माणसांना त्यातून शब्द ऐकू येतात, असे त्यांना आढळले. पुण्यालाही या विद्येची ओळख जुनी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास डेक्कन कॉलेजात सी. आर. शंकरन यांनी प्रायोगिक ध्वनिशास्त्राची प्रयोगशाळा चालवली होती. म्हणजे ध्वनी आणि चित्र यांच्यातील ही ये-जा प्रथम भाषा समजून घेण्यासाठी होती. तिचा लपवण्यासाठी वापर पुढे झाला. त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९९९ सालचे. ‘एफेक्स ट्विन’ या नावाने संगीत देणाऱ्या ब्रिटिश संगीतकाराच्या ‘विंडोलिकर’ या मुद्रिकेतील दुसऱ्या रचनेच्या शेवटाकडे असह्य कर्कश आवाजाचा एक तुकडा आहे; त्याचा स्पेक्ट्रोग्राम काढला की एक हसणारा, काहीसा भयंकर चेहरा दिसतो. त्यानंतर अनेकांनी असे चेहरे, अक्षरे आणि चिन्हे ध्वनीत दडवली. ती शोधून काढणे हा एक छंदच होऊन बसला.

आता आपल्या परंपरेकडे वळू. भारवीच्या ‘किरातार्जुनीया’चा पंधरावा सर्ग आणि माघाच्या ‘शिशुपालवधा’चा एकोणिसावा सर्ग ज्यांनी अभ्यासला असेल, त्यांना हा प्रकार अनोळखी वाटणार नाही. तेथे ‘सर्वतोभद्र’ बंध आहे. श्लोक म्हटला तर कानाला तो एक श्लोकच असतो, फार तर जरा अवघड. पण त्याची अक्षरे चौकटीत मांडली की ती उजवीकडून वाचा, डावीकडून वाचा, वरून खाली वा खालून वर वाचा, तोच पाठ मिळतो. पद्मबंध, खड्गबंध, मुरजबंध हे याच कुळातले. श्रोत्याच्या कानावर पडणाऱ्या ध्वनीत एक आकृती दडलेली असते आणि ती पाहण्यासाठी तो ध्वनी विशिष्ट रीतीने मांडावा लागतो. स्पेक्ट्रोग्राममधील चेहरा याहून तत्त्वतः निराळा नाही; तेथे मांडणीचे काम गणित करते, एवढाच फरक. या अर्थी संगणकावर ध्वनीत चित्र लपवणारा तरुण हा चित्रकवींचा वंशज ठरतो.

आणि चित्रकाव्याविषयी आपल्या काव्यशास्त्राचा निवाडा कठोर आहे. नवव्या शतकात काश्मिरात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ लिहिला. काव्याचा आत्मा त्याने ध्वनी म्हणजे सूचितार्थ मानला आणि ‘चित्रा’ला काव्याचे निव्वळ अनुकरण ठरवले. पुढे मम्मटाने त्याला अवर म्हणजे खालच्या प्रतीचे काव्य म्हटले. आमच्यापैकी जी ‘लखोट्या’चा पक्ष घेत होती, तिचा आधार हाच होता. मात्र आनंदवर्धनाचा युक्तिवाद नीट वाचला तर तो वाटतो तितका सरसकट नाही. कवीला रसभावाची विवक्षाच नसेल, केवळ रचनेचे कौतुक दाखवायचे असेल, तर ती रचना चित्र, असे त्याचे म्हणणे आहे. म्हणजे दोष आकृती असण्यात नाही. आकृतीखेरीज सांगण्यासारखे काही नसण्यात आहे.

हा भेद मराठीत पाहायचा असेल तर बारामतीच्या मोरोपंतांकडे जावे लागते. परंपरेने त्यांच्या नावावर एकशे आठ रामायणे आहेत आणि त्यांतील अनेकांत रचनेचे निरनिराळे नियम त्यांनी स्वतःवर लादून घेतले आहेत. वर्गात आपण त्याविषयी बहुधा एका वाक्यात बोलतो, आणि त्या वाक्यात ‘शाब्दिक कसरत’ हे शब्द हमखास येतात. पण त्यांतील ‘निरोष्ठ रामायण’ घ्या. यात ओठ मिटून उच्चारावी लागणारी अक्षरे, म्हणजे प-वर्ग, वर्ज्य आहेत. प-वर्गात ‘म’ येतो. म्हणजे रामकथा सांगायची आणि ‘राम’ हे नाव तोंडातून काढायचे नाही! हे ध्यानात येताच त्या कसरतीकडे पाहण्याची आमची दृष्टी बदलली. ज्याचे नाव घेता येत नाही त्याचीच कथा सांगत राहणे, यात केवळ चमत्कृती नाही. त्यात भक्तीच्या भाषेचा एक जुना अनुभव सूचित होतो. हे रामायण कोणी म्हणून ध्वनिमुद्रित केले आणि त्याचा स्पेक्ट्रोग्राम काढला, तर ओठ मिटताना आलेखातल्या स्वरांच्या पट्ट्यांना जो विशिष्ट उतार येतो, तो त्यात कोठेही सापडणार नाही. तेथे लपवलेली गोष्ट एका अनुपस्थितीच्या रूपाने असेल. मोरोपंतांना असा आलेख ठाऊक असण्याचे कारण नव्हते; ओठांचे भान मात्र त्यांना होते.

लपवण्याचा आणखी एक हेतू असतो, आणि त्याचे उदाहरण तर मराठी वाङ्मयेतिहासाच्या मध्यभागीच उभे आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा नावांच्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. अक्षराच्या जागी दुसरे अक्षर वा चिन्ह योजण्याची ती पद्धत होती. हे लपवणे कौतुकासाठी नव्हते. आपले ग्रंथ परक्या हाती जाऊन त्यांची विटंबना होऊ नये, पाठ शुद्ध राहावा, यासाठी ते होते, आणि लिपीची किल्ली गुरुशिष्यपरंपरेने पुढे दिली जात होती. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्या पिढीला ही किल्ली सापडली आणि ‘लीळाचरित्रा’सारखे ग्रंथ पंथाबाहेरच्या अभ्यासकांपुढे आले. आरंभीच्या मराठी गद्याविषयीची आपली सारी समजूत त्यामुळे बदलली. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. सकळ लिपीचे कोडे ज्या दिवशी सुटले, त्या दिवशी ते कोडे म्हणून संपले; आज त्याचे महत्त्व इतिहासापुरते आहे. ‘लीळाचरित्र’ मात्र त्या दिवसापासून वाचले जाऊ लागले आणि त्याचे वाचन अजून संपलेले नाही. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली त्याची प्रत १९७८ साली निघाली, तिलाही आता बराच काळ लोटला. तरी चक्रधरांच्या एखाद्या लीळेवर वर्गात चर्चा सुरू झाली की तास पुरत नाही.

यातून आम्हांला एक कसोटी मिळाली. संकेत उलगडला की संपतो. ध्वनी, म्हणजे आनंदवर्धनाच्या अर्थाने ध्वनी, उलगडला तरी उरतो. ‘ध्वनी’ हा शब्द आनंदवर्धनाने वैयाकरणांकडून घेतला, आणि एका प्रकारच्या व्यंग्यार्थाला त्याने ‘अनुरणना’ची, म्हणजे घंटेवर टोला पडल्यावर मागे घुमत राहणाऱ्या नादाची उपमा दिली. ही उपमा आपण परीक्षेपुरती पाठ करून घेतो. विद्यार्थ्याची फाईल हाती आल्यावर आम्ही एक उद्योग केला. घरातल्या पूजेची घंटा वाजवून तिचे ध्वनिमुद्रण केले आणि त्याचा स्पेक्ट्रोग्राम काढला. टोल्याच्या क्षणी एक उभी तेजस्वी रेषा दिसली आणि तिच्यातून उजवीकडे निघालेल्या अनेक आडव्या रेषा: काही लगेच विझणाऱ्या, काही दूरवर जाणाऱ्या, आणि एक इतकी दूर जाणारी की कानाला नाद थांबल्यासारखे वाटल्यानंतरही ती पडद्यावर अस्पष्टशी चालू होती. हे चित्र कोणी तेथे ठेवलेले नव्हते. तो घंटेचा स्वभाव होता. अनुरणन या शब्दाची इतकी नेमकी आकृती आम्ही वीस वर्षांच्या अध्यापनात फळ्यावर कधी काढू शकलो नव्हतो.

लपवलेले चित्र आणि ध्वनीचे स्वतःचे चित्र हे दोन्ही एकाच वस्तूवर शेजारी शेजारी पाहायचे असतील, तर तशी एक वस्तू आहे, आणि तिच्याशी मराठीचा जवळचा संबंध आहे. १९७७ साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ ही दोन अंतराळयाने सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे. कार्ल सेगन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा मजकूर ठरवला. तिच्यात ५५ भाषांतील अभिवादने आहेत, त्यांत मराठीही आहे. तिच्यात संगीत आहे, आणि त्यात गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर यांनी गायिलेली भैरवी आहे. आणि त्याच तबकडीच्या खाचांत ११५ चित्रे ध्वनीच्या रूपात कोरलेली आहेत. ही चित्रे स्पेक्ट्रोग्रामच्या पद्धतीने दडवलेली नाहीत. चित्राच्या एकेका रेषेतील उजेड-अंधार तरंगाच्या कमी-अधिक उंचीत उतरवला आहे. परंतु तत्त्व तेच. तबकडी साध्या रीतीने वाजवली तर चित्रांच्या जागी कर्कश गुंजन ऐकू येते. योग्य रीतीने मांडली तर माणूस, झाड, घर दिसते. तबकडीच्या वेष्टनावर ती कशी वाजवावी आणि चित्र कसे मिळवावे याच्या आकृत्या कोरल्या आहेत. पहिले चित्र म्हणून एक साधे वर्तुळ दिले आहे, वाचणाऱ्याला आपली पद्धत बरोबर आहे की नाही ते ताडून पाहता यावे म्हणून. पहिले यान २० ऑगस्टला सुटले, दुसरे ५ सप्टेंबरला. १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाई निवर्तल्या. आज दोन्ही याने सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर गेली आहेत.

या तबकडीवर चित्रांसाठी किल्ली दिली आहे, भैरवीसाठी दिलेली नाही. देताही आली नसती. चित्र मिळवण्याची रीत आकृतीने सांगता येते. भैरवीतला कोमल ऋषभ ऐकून मन का हलते, हे कोणत्या आकृतीने सांगावे? कोणी म्हणेल, परग्रहावरच्या जीवाला भैरवीही खरखरच वाटेल. वाटेलही. आनंदवर्धनाला याची कल्पना होती, म्हणूनच त्याने व्याकरण आणि कोश जाणणाऱ्या वाचकाच्या पलीकडचा ‘सहृदय’ मागितला. किल्लीने चित्र उघडते, पण सहृदय कोणी किल्लीने घडत नाही; त्याला ऐकत ऐकत घडावे लागते.

येथे आमच्या स्वतःच्या चुकीची कबुली देणे भाग आहे. गेली कित्येक वर्षे आम्ही वर्गात कविता शिकवत आलो ती बहुतांशी कुलपासारखी. ‘या कवितेत पाऊस कशाचे प्रतीक आहे?’ असा प्रश्न विचारायचा, उत्तरपत्रिकेत अपेक्षित शब्द आला की दोन गुण द्यायचे. मार्गदर्शक पुस्तके तर कवितेचा अर्थ कोष्टकात मांडून देतात: डावीकडे प्रतिमा, उजवीकडे अर्थ. हा सकळ लिपीचा तक्ताच झाला. एका हुशार मुलाने लपवलेली कविता आणून दाखवली तेव्हा आम्ही दचकलो खरे. पण कविता म्हणजे लपवलेली गोष्ट, हे त्याला शिकवले कोणी? आम्हीच. संतांच्या कूट अभंगांना उकल हवी, श्लेषाला दुसरा अर्थ हवा, हे मान्य. अभ्यासकाला संकेत फोडता आलेच पाहिजेत. राजवाडे-भाव्यांनी ते फोडले नसते तर आपण दरिद्री राहिलो असतो. पण संकेत फुटल्यावर वाचन सुरू होते, आणि आपण नेमके तेथेच तास संपवतो.

दुसरीही एक गोष्ट आपण हरवून बसलो आहोत. आपण ध्वनीच ऐकत नाही. जात्यावरच्या ओव्या अभ्यासक्रमात आहेत, पण त्या छापील ओळी म्हणून. याच पुण्यात राहून गी पॉइत्व्हाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभरच्या बायांकडून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. संगणक आणि संगीत दोन्ही जाणणाऱ्या बर्नार बेल यांच्या सहभागाने त्यांतील कित्येक ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले. आज त्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर कोणालाही ऐकता येतात. एखादी ओवी ऐकताना तिचा स्पेक्ट्रोग्राम समोर ठेवून पाहा. ओळीच्या शेवटी लांबवलेला स्वर, मध्येच घेतलेला श्वास, छापताना संपादकाने गाळलेली ‘बाई’ची पुनरुक्ती, दुसऱ्या बाईने मागून दिलेली साथ, हे सारे तेथे रेखाटलेले असते. ते कोणी लपवलेले नव्हते. आपण छापील पानाकडे पाहत राहिलो म्हणून आपल्याला ते दिसले नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याने या साधनाचा उपयोग करायचाच असेल, तर ध्वनीत चित्र पेरण्याआधी ध्वनीत मुळातच असलेले चित्र वाचायला शिकावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग त्या चाळीस सेकंदांचे काय? तेथेही आम्ही हीच कसोटी लावली. संकेत उलगडल्यावर काही उरते का? आमच्या मते उरते. त्या चार ओळी चांगल्या आहेत, हे एक. दुसरे असे की, त्या वाचून झाल्यावर ती खरखर पुन्हा ऐकली तेव्हा ती खरखर राहिली नाही. शब्दाच्या शेवटी तुटणारा तो बारीक स्वर आता अडखळत बोलणाऱ्या माणसासारखा वाटू लागला. मुलाने हे योजले होते की ते आपोआप घडले, ठाऊक नाही. त्याचे लपवणे मोरोपंतांच्या कौतुकापेक्षा महानुभावांच्या जपणुकीला जवळचे आहे, आणि त्याहूनही जवळचे आहे ते घरात न बोलता येणाऱ्या गोष्टींना. आम्ही त्याला गुण दिले, आणि एक सूचना केली: किल्ली सोबत दिल्याशिवाय असे लेखन कोणाच्या हाती देऊ नकोस. यानाच्या तबकडीवर ती आहे, महानुभावांनी ती पिढ्यानपिढ्या सांभाळली. किल्लीवाचून लपवलेले लेखन पुरून टाकल्यासारखेच असते.

त्यावर तो म्हणाला, “सर, फाईल बाबांच्या मोबाईलवर पाठवली आहे. त्यांनी ऐकली. मध्येच फोन करून विचारत होते, हे काय पाठवलंस म्हणून.” आमच्यापैकी एकीने विचारले, “मग तू काय सांगितलंस?” तो जरा थांबला आणि म्हणाला, “मॅडम, म्हटलं, पुण्याहून आलो की दाखवतो.”

दिवाळीच्या सुट्टीत तो गावी गेला होता. त्याने दाखवले की नाही, हे आम्ही विचारलेले नाही. गुणपत्रकात त्यासाठी रकाना नाही, आणि तो नाही हे बरेच आहे.